लाल फळांची राखण

डिसेंबरच्या मध्याला लंडनमध्ये सूर्य सकाळी आठला उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. दिवस जेमतेम आठ तासांचा, रात्र सोळा तासांची. शंभरेक ग्रॅम वजनाच्या ब्लॅकबर्डला त्या आठ तासांत एवढं खावं लागतं, की रात्रभर अंगातली ऊब टिकली पाहिजे. उन्हाळ्यात हिरवळीतून गांडुळं ओढून काढायची सोय असते. जमीन गोठली की गांडुळं खोल जातात, किडे दिसेनासे होतात. मग उरतात ती घराभोवतीच्या कुंपणांवरची, भिंतीवर चढवलेल्या वेलींवरची आणि रस्त्याकडेच्या झाडांवरची फळं.

इंग्लंडच्या कुठल्याही उपनगरात ही झाडं दिसतात. हॉलीची काटेरी, गडद हिरवी पानं आणि लालभडक फळं. हॉथॉर्नची पानगळ झालेली, किरमिजी ठिपक्यांनी भरलेली कुंपणं. भिंतीला टेकून वाढवलेली पायराकँथाची नारिंगी फळांची झुडपं. कोटोनिॲस्टर, रोवन, यू, आणि जुन्या विटांवर पसरलेला आयव्ही. यातली काही मूळची तिथलीच, काही हिमालयातून आणि चीनमधून हौसेने नेलेली. माणसाने ती आपल्या डोळ्यांसाठी लावली. पाखरांना त्याच्याशी देणंघेणं नाही. त्यांच्यापुरता तो हिवाळ्याचा शिधा आहे.

झाड हा शिधा फुकट वाटत नाही. त्याला आपलं बी दूर न्यायला कोणीतरी हवं असतं आणि फळाचा गर ही त्याची मजुरी. पाखराला दात नसतात, त्यामुळे ते फळ अख्खं गिळतं. गर पचतो, बी काही मिनिटांत ओकून टाकलं जातं किंवा अर्ध्या-पाऊण तासात विष्ठेतून पडतं, तेही मूळ झाडापासून दूर. फळ लाल किंवा काळं असण्यामागेही हिशेब आहे. पक्ष्यांना लाल रंग उत्तम दिसतो, बहुतेक कीटकांना तो नीट दिसत नाही. हिरव्या पानांत लाल फळ म्हणजे योग्य गिऱ्हाइकाला लावलेली पाटी.

पण हा व्यवहार सगळेच पाळत नाहीत. त्याची बारकाईने नोंद घेतली ती डेव्हिड आणि बार्बरा स्नो या दांपत्याने. डेव्हिड स्नो यांनी तरुणपणी ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानातल्या ब्लॅकबर्डांवर पुस्तक लिहिलं होतं. पुढे दोघांनी त्रिनिदादच्या जंगलात फळं खाणाऱ्या पक्ष्यांवर काम केलं. उष्ण कटिबंधात असलं काम करून आलेली माणसं निवृत्तीच्या सुमाराला बकिंगहॅमशायरमधल्या आपल्या गावाभोवती हिंडायला लागली, आणि कोणता पक्षी कोणतं फळ कधी, किती आणि कसं खातो हे लिहून ठेवायला लागली. 1988 साली त्यांचं ‘बर्ड्स अँड बेरीज’ हे पुस्तक आलं. महागडी उपकरणं नाहीत, प्रयोगशाळा नाही; दुर्बीण, वही आणि थंडीत एका जागी बसायची तयारी. निसर्गाच्या अभ्यासाला यापेक्षा फार काही लागत नाही असं मला हे पुस्तक वाचताना वाटत आलं आहे.

स्नो दांपत्याने फळखाऊ पक्ष्यांचे तीन गट केले. पहिले प्रामाणिक: अख्खं फळ गिळून बी दूर टाकणारे. ब्लॅकबर्ड, साँग थ्रश, मिसल थ्रश असे कस्तूर कुळातले पक्षी यात येतात. दुसरे गर चोरणारे: फळाला टोचे मारून गर खातात आणि बी झाडाखालीच टाकतात. टिट पक्षी हे करतात. तिसरे सरळ दरोडेखोर, ज्यांना गराशी कर्तव्य नाही, बीच फोडून खायचं असतं. यूच्या झाडावर हे तिन्ही प्रकार एका वेळी पाहायला मिळतात. यूचं फळ म्हणजे बीभोवतीचा लाल, बुळबुळीत, गोड पेला. त्या झाडात विष नसलेला भाग तेवढाच. बी, पानं, साल सगळं विषारी. कस्तूर पेला गिळतो, बी न फोडता बाहेर टाकतो आणि त्याला काही होत नाही. ग्रीनफिंच मात्र गर चोचीने बाजूला सारतो, बीचं कवच सोलतो आणि आतला दाणा खातो. विषारी कवच सोलून टाकायची युक्ती त्याला साधली आहे. झाडाच्या दृष्टीने हे ग्राहक नसून नुकसान आहे.

कोणतं फळ आधी संपतं याचाही ठरलेला क्रम असतो. रोवनची फळं ऑगस्टमध्ये पिकतात आणि बहुतेक ठिकाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत झाड रिकामं होतं. मग हॉथॉर्न. त्यानंतर, इतर काही उरलं नाही की, हॉली. आयव्हीचं गणित सगळ्यांपेक्षा उलटं: तो शरद ऋतूत फुलतो आणि त्याची काळी फळं हिवाळ्याच्या शेवटी, वसंताच्या तोंडावर पिकतात. त्यांच्या गरात मेदाचं प्रमाण चांगलं असतं. सगळी झाडं ओकीबोकी झालेली असताना, शरीरातला साठा संपत आलेला असताना, आयव्हीची फळं तयार होतात. भिंत खराब होते म्हणून इंग्रज घरमालक आयव्हीवर कात्री चालवतात तेव्हा नेमका हाच शिधा कापला जातो. बागवानांचा आणखी एक अनुभव असा, की लाल फळांचं रोवन आधी संपतं आणि पिवळ्या किंवा पांढऱ्या फळांच्या बागायती जाती बराच काळ टिकून राहतात.

झुडपं फळांनी लगडली की हिवाळा कडक जाणार, असं इंग्लंडमधले जुने लोक सांगतात. आपल्याकडे कावळ्याने घरटं झाडाच्या कोणत्या बाजूला बांधलं यावरून पावसाचा अंदाज सांगतात, त्यातलाच प्रकार. फळं किती लागली हे मागच्या वसंतात फुलं किती टिकली आणि उन्हाळा कसा गेला यावर ठरतं. झाडाला पुढच्या थंडीची वार्ता नसते.

आता हॉलीकडे येऊ, कारण हिवाळ्यातलं खरं नाट्य तिथे घडतं. हॉलीत नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. फळं फक्त मादीला, तीही जवळपास नर असेल तर. रोपवाटिकावाल्यांनी यात गंमत करून ठेवली आहे: ‘गोल्डन किंग’ नावाची जात मादी आहे आणि ‘सिल्व्हर क्वीन’ नर. राणीला फळं का येत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं वाट पाहणारे लोक असतात.

नोव्हेंबरच्या सुमाराला एखाद्या फळांनी भरलेल्या हॉलीच्या शेंड्यावर एक मोठा, करड्या अंगाचा, पांढऱ्या छातीवर गडद ठिपके असलेला पक्षी ताठ बसलेला दिसतो. हा मिसल थ्रश. तो फळं खात नाही, राखण करतो. खाली हिरवळीवर उतरून गांडुळं शोधतो, मिळेल ते किडूकमिडूक खातो, आणि जमिनीवर काही मिळतं आहे तोवर झाडाला हातच लावत नाही. पण एखादा ब्लॅकबर्ड त्या हॉलीच्या फांदीवर येऊन बसायचा अवकाश, हा कर्कश खडखडाट करत थेट त्याच्या अंगावर धावतो. ब्लॅकबर्ड चिवट असेल तर खालून शिरतो, एखादं फळ तोडतो, पळतो. थ्रश त्याला शेजारच्या घराच्या छपरापर्यंत रेटत नेतो आणि लगेच परत येऊन शेंड्यावर बसतो. आकाराने मोठ्या वुडपिजनलाही तो सोडत नाही. दिवसभर हेच. काही झाडांवर एकटा राखणदार असतो, काहींवर जोडपं.

एवढा आटापिटा परवडतो का? स्नो दांपत्याने हेच तपासलं आणि 1984 साली त्यावर निबंध लिहिला. राखण केलेल्या झाडावरची फळं राखण नसलेल्या झाडांपेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकतात. एकाच रस्त्यावर दोन हॉली असतात. एक नाताळाच्या आधी रिकामी होते, दुसरी मार्च उजाडला तरी लालच्या लाल. दुसऱ्या झाडाला मालक आहे. त्या मालकाने फळं गोठवणाऱ्या आठवड्यासाठी, म्हणजे जमिनीत काहीच मिळणार नाही त्या दिवसांसाठी राखून ठेवलेली असतात. हॉलीचं फळ यासाठी सोयीचं आहे. त्यात पोषण फार नाही, पण ते झाडावर महिनोन्‌महिने न सडता टिकतं. रोवनची अशी राखण करून उपयोग नाही.

आणि तरीही एखाद्या वर्षी सगळी राखण एका सकाळी वाहून जाते. स्कँडिनेव्हिया आणि रशियाकडून हिवाळ्यासाठी ब्रिटनमध्ये येणारे कस्तूर कुळातले दोन पक्षी आहेत, रेडविंग आणि फील्डफेअर. प्रत्येकी सुमारे सात लाख येतात. ऑक्टोबरच्या रात्री शहरावरून उडत जाताना रेडविंगची बारीक, ताणलेली शीळ अंधारात ऐकू येते. सुरुवातीला ते शेतातल्या हॉथॉर्नवर राहतात. बर्फ पडलं आणि तिथलं संपलं की थवेच्या थवे बागांत घुसतात. मिसल थ्रश एकाला हाकलतो, दोघांना हाकलतो. चाळीस आले की काय करणार? तो एका बाजूला धावतो तोवर दुसऱ्या बाजूला वीस जण फळं गिळत असतात. दोन-तीन दिवसांत झाड साफ. बाजारात जशी एकट्या पहारेकऱ्याची ताकद मोर्च्यापुढे संपते, तसंच हे.

थव्याने खाण्याची परिसीमा मात्र वॅक्सविंगची. मैनेएवढा पक्षी, अंगाचा रंग गुलाबीसर तपकिरी, डोक्यावर मागे वळलेली शेंडी, डोळ्यांवर काळी पट्टी, शेपटीच्या टोकाला पिवळी रेघ, आणि पंखाच्या काही पिसांच्या टोकांना लाल लाखेचे थेंब लावावेत तसे कडक ठिपके. उत्तरेकडच्या जंगलांत तो राहतो. एखाद्या वर्षी तिकडे रोवनला भरपूर फळं लागतात, पाखरांची संख्या वाढते. पुढच्या वर्षी झाडं फळत नाहीत आणि भुकेले थवे पश्चिमेकडे निघतात. ब्रिटनमध्ये काही हिवाळ्यांत ते जेमतेम दिसतात, आणि 2004-05 किंवा 2010-11 सारख्या हिवाळ्यांत हजारोंनी येतात. जुन्या काळी नेदरलँड्समध्ये त्यांच्या या अवचित येण्याचा संबंध साथीच्या रोगांशी जोडला जाई. डच भाषेत त्यांचं नाव आजही ‘प्लेगचा पक्षी’ असंच आहे.

हे दुर्मीळ पाहुणे उतरतात कुठे, तर सुपरमार्केटच्या वाहनतळावर. कारण तिथे शोभेसाठी ओळीने रोवन आणि कोटोनिॲस्टर लावलेले असतात. त्यामुळे हजारो रुपयांच्या दुर्बिणी गळ्यात अडकवलेले लोक भाजीच्या ट्रॉल्यांमध्ये उभे राहून वर बघताना दिसतात. थवा आधी उंच झाडावर बसतो, घंटी किणकिणावी तसा आवाज करतो, आणि एकदम सगळा फळांच्या झुडपावर कोसळतो. पाच मिनिटं खाणं, परत वर. फळ चोचीत पकडायचं, डोकं मागे टाकून घशात सोडायचं, लगेच दुसरं. एका वॅक्सविंगने सहा तासांत 600 ते 1000 कोटोनिॲस्टरची फळं खाल्ल्याची नोंद आहे, आणि तो दर चार मिनिटांनी शिटत होता. पक्षी साठेक ग्रॅमचा. फळात साखर खूप, प्रथिनं कमी. त्यामुळे पोट भरायचं तर ओघ अखंड चालू ठेवावा लागतो. एवढ्या साखरेला पाणीही लागतं, म्हणून ते वरचेवर डबक्यावर उतरतात, पाणी नसेल तर बर्फ खातात.

ते राखण करत नाहीत. विणीच्या काळातही वॅक्सविंग आपला मुलूख आखून भांडत बसत नाही. फळ एका जागी ढिगाने असतं, आज आहे तर उद्या नाही. त्याची एकट्याने राखण करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून शोधून चटकन संपवणं त्यांना फायद्याचं पडतं. नर-मादीच्या प्रणयातही फळच असतं: नर मादीच्या चोचीत फळ देतो, ती ते त्याला परत देते, असं पुन्हा पुन्हा.

झाडावर राहिलेली फळं कधीकधी आंबतात. वॅक्सविंगचं यकृत त्याच्या अंगाच्या मानाने मोठं असतं आणि फळातल्या मद्यार्काचा निचरा तो इतर पक्ष्यांपेक्षा लवकर करतो, असं फिनलंडमधल्या संशोधकांनी 1983 साली दाखवलं. तरीही अति होतंच. कॅनडातल्या युकॉन प्रदेशाच्या राजधानीत, व्हाइटहॉर्सला, 2014 साली झिंगून खिडक्यांवर आपटणाऱ्या वॅक्सविंगांसाठी सरकारी पशुवैद्यकांनी हॅम्स्टरच्या पिंजऱ्यांत छोट्या कोठड्या तयार केल्या. नशा उतरली की सोडून द्यायचं. बातमी जगभर हसून वाचली गेली. काचेवर आपटून मेलेल्या पाखरांची संख्या कोणी विचारली नाही.

इथवर बाग म्हणजे पाखरांना मिळालेला फुकटचा शिधा, असं वाटेल. पण माणसाने काय लावलं आणि काय ठेवलं यावर पाखरं स्वतः बदलतात. ब्लॅककॅप हा छोटा करडा पक्षी. नराच्या डोक्यावर काळी टोपी, मादीच्या तांबूस. मध्य युरोपातले ब्लॅककॅप हिवाळ्यात नैर्ऋत्येला, स्पेनकडे जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्यातले काही भर हिवाळ्यात ब्रिटनच्या बागांत दिसू लागले, फळांवर आणि लोकांनी ठेवलेल्या चरबीच्या गोळ्यांवर जगू लागले. पीटर बर्थोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात पकडलेले असे ब्लॅककॅप जर्मनीत नेले, पिंजऱ्यात त्यांची पिल्लं वाढवली, आणि शरद ऋतूत ती पिल्लं कोणत्या दिशेला उडायला धडपडतात ते पाहिलं. कधीही इंग्लंड न पाहिलेली ती पिल्लं वायव्य-पश्चिमेकडे झेपावत होती. दिशा रक्तात उतरली होती. 1992 साली ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झालं. परसदारातल्या खाण्याच्या आधाराने स्थलांतराचा वारसा काही दशकांत बदलू शकतो, हे तोवर फारसं कोणाच्या मनात नव्हतं.

ब्लॅककॅपने आणखी एक गोष्ट केली. हेरफर्डशायर, वूस्टरशायरच्या सफरचंदांच्या बागांत मिसलटो नावाचं बांडगूळ वाढतं. नाताळात दारावर टांगतात तेच. त्याचं पांढरं फळ आत गोंदासारखं चिकट असतं. मिसल थ्रश ते अख्खं गिळतो आणि बिया माळेसारख्या लोंबत्या टाकतो; बऱ्याच वाया जातात. ब्लॅककॅप साल आणि गर खातो आणि चोचीला चिकटलेलं बी फांदीवर घासून पुसतो. एकेक बी, बारीक फांदीवर, रुजायला हवं तिथे. आपल्याकडे हेच काम फुलटोच्या करतो, पण दुसऱ्या टोकाने. आंब्यावरच्या बांडगुळाचं फळ खाल्लं की काही मिनिटांत चिकट बी शेपटीकडून बाहेर येतं, आणि हा अंगठ्याएवढा पक्षी फांदीवर आडवा होऊन बूड घासत सरकतो. आंबा बागायतदाराला फुलटोच्याचा राग येणं समजण्यासारखं आहे.

अमेरिकेतल्या सीडर वॅक्सविंगची शेपटी पिवळ्या टोकाची. 1960च्या दशकापासून काहींची टोकं नारिंगी दिसू लागली, तेव्हा संशोधक बुचकळ्यात पडले. उत्तर निघालं बागेत: आशियातून आणून शोभेला लावलेल्या हनिसकलच्या फळातलं लाल रंगद्रव्य, पिसं वाढायच्या दिवसांत खाल्लं की शेपटीत उतरतं. हे निरुपद्रवी. पण 2009च्या एप्रिलमध्ये जॉर्जियात मेलेल्या सीडर वॅक्सविंगांच्या पोटात नंदिनाची लाल फळं सापडली. नंदिनाच्या फळात शरीरात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. एखाद-दुसरं फळ खाणाऱ्या पक्ष्याचं भागतं. वॅक्सविंगची भरमसाट गिळायची सवयच त्यांच्या जिवावर उठली. झाड सुंदर, कणखर, कीड न लागणारं, म्हणून घरोघरी लावलेलं.

पाखरं आपल्याकडून घेतात तशी आपली बाग बाहेरही नेतात. ब्रिटनमध्ये कोटोनिॲस्टरच्या बिया पाखरांनी खडकाळ माळरानांवर इतक्या पसरवल्या, की त्याच्या काही जाती, त्यांत हिमालयातलीही एक, मोकळ्या रानात लावणं इंग्लंड आणि वेल्समध्ये 2010पासून कायद्याने गुन्हा आहे. आपल्याला हे नवं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून अमेरिका खंडातून घाणेरी आली. कुंपणाला छान, गुरं तोंड लावत नाहीत, बारमाही फुलं. बुलबुल, मैना, चष्मेवाल्यांनी तिची काळी फळं खाल्ली आणि बी रानोरान टाकलं. आज भारतातल्या वाघांच्या अधिवासाचा सुमारे 40 टक्के भाग घाणेरीच्या धोक्याखाली आहे, असं 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटलं आहे. बुलबुलांची यात चूक नाही. त्यांनी मजुरी घेतली आणि काम चोख केलं.

तेव्हा फळझुडूप लावायचं ठरवलंत तर आधी ते कुठलं आहे ते पाहा. आपल्याकडे जागा असेल तर उंबर लावा. तो वर्षातून अनेकदा फळतो आणि तांबट, कोकिळ, हळद्या, बुलबुल सगळे त्यावर येतात. आणि ज्यांचं घर ब्रिटनमध्ये आहे, मागे छोटी बाग आहे, त्यांनी शरद ऋतूत हॉली, हॉथॉर्न आणि आयव्ही छाटू नये. मार्चपासून घरटी सुरू होतात, त्यामुळे कात्री चालवायचीच असेल तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, आणि आयव्हीवर तेव्हाही फळं असतील तर ती संपेपर्यंत थांबावं.